देह झिजवला म्हणू नका

आपल्याकडं कार्यकर्ता गेला की शोकसभा होते. समाजमंदिरात सतरंजी टाकतात. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली त्याचाही फोटो ठेवतात, मेणबत्ती लावतात. मग एकेक जण उठतो, बोलतो. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असतं. त्यांनी चळवळीसाठी देह झिजवला. माणसं माना हलवतात. बाया डोळ्याला पदर लावतात. पण हा देह नेमका कशानं झिजला, हे कुणी विचारत नाही. लाठीनं झिजला, तुरुंगानं झिजला, की पंधरा वर्षं न घेतलेल्या गोळ्यांनी?

गेल्या काही वर्षांत मी अशा कितीतरी शोकसभांत बसले. कुणाच्या किडन्या गेलेल्या, कुणाचा पाय गुडघ्यापासून काढलेला, कुणी रात्री झोपला तो उठलाच नाही. घरच्या बाईला बाजूला घेऊन विचारलं की ती हळूच सांगते, शुगर होती. सभेत तो शब्द निघत नाही. चळवळीपायी गेला म्हटलं की माणूस मोठा होतो, शुगरनं गेला म्हटलं की लहान होतो, असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलंय.

माझा बाप अजून जिवंत आहे. म्हणून हे आत्ताच लिहिते. त्यांच्या शोकसभेत मला हे कुणी बोलू देणार नाही.

आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. सगळी वस्तीच आण्णा म्हणते. जन्म 1960 चा, जालन्याकडच्या एका गावातला. 1972 च्या दुष्काळात बारा वर्षांचे होते. आजीबरोबर खडी फोडायला जायचे. दुपारी सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. त्या साली पोट भरून ढेकर दिला असा एक दिवस आठवत नाही, असं ते सांगतात. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव आपली घरं पेटवली गेली. त्यात आमचंही घर होतं. पुढच्या वर्षी, 1979 ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला तेव्हा आण्णा एकोणीस वर्षांचे. चालत निघाले. पायाला फोड आले, फोड फुटले, त्यावर चिंध्या बांधल्या, चालत राहिले. वाटेतल्या वस्त्यांनी भाकरी-चटणी दिली ती खाल्ली. पोलिसांनी धरलं, आत टाकलं. सुटले आणि परत कामाला लागले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तोवर त्यांचं लग्न झालं होतं, एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी लागली होती, आणि मी शाळेत जात होते.

त्या पायांना तेव्हा सगळं कळत होतं. खडा कळत होता, काटा कळत होता, डांबर कळत होतं. आता त्या पायांना काही कळत नाही. मला त्या पायांबद्दल लिहायचंय.

आण्णांना शुगर निघाली 2009 साली. उपाशीपोटी 240. उपाशीपोटी 126 किंवा त्याच्या वर दोनदा आली की मधुमेह धरतात, म्हणजे ही जवळजवळ दुप्पट. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आण्णांनी त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. माय कपडे धुवायला काढायची तेव्हा खिशातून गोळ्यांचं पाकीट निघायचं. एक गोळी खाल्लेली, नऊ तशाच. कधी कधी धुतल्यावरच सापडायचं. "आवं, ह्या गोळ्या तुम्हाला दिल्यात का शर्टाला?" माय विचारायची. आण्णा हसायचे. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, ताप न्हाई. मंग गोळी कामून खावी?"

हाच ह्या रोगाचा डाव आहे. तो दुखत नाही. दुखलं असतं तर आपला माणूस दवाखान्यात गेला असता. तो आत बसून काम करतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या, किडनीतल्या, पायातल्या. कळतं तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

आणि आपलं चळवळीचं कॅलेंडर बघा. 1 जानेवारी भीमा कोरेगाव. 14 जानेवारी विद्यापीठ गेट. 14 एप्रिल. बुद्ध पौर्णिमा. दीक्षाभूमी. 6 डिसेंबर. मधे लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदन, मोर्चे, शिबिरं. जिथं जाल तिथं चहा. साखर घातलेला, उकळून काढा केलेला. आण्णा कुणाला नाही म्हणत नाहीत. "गरिबाच्या घरचा चहा नाकारायचा न्हाई. आपल्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, माहीत हाय ना?" आता ह्याला मी काय बोलू? ज्या माणसाच्या हातचं पाणी नाकारलं गेलं, तो दुसऱ्याच्या हातचा चहा कसा नाकारील? त्यांचं बरोबर आहे. आणि दिवसाचे बारा चहा होतात, तेही खरं आहे.

जेवणाचं तर विचारूच नका. सभा चारची, सुरू होते सातला. पाहुणे वक्ते येतात आठला. जेवण रात्री अकराला, तेही भात आणि बुंदी. सकाळी गोळी खाल्ली असली तर दिवसभर पोटात काही नाही. एकदा तहसील कचेरीवरच्या मोर्चात आण्णा असेच उपाशी होते. मायनं त्या दिवशी डोळ्यांदेखत गोळी खायला लावली होती, पण पुढं खाणं झालंच नाही. काही गोळ्यांनी आणि इन्शुलिननं, वेळेवर खाल्लं नाही की साखर एकदम खाली येते. भर उन्हात त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, जीभ जड झाली. बोलायला उभे राहिले आणि शब्दच लागेनात. बंदोबस्ताचा हवालदार हसून शेजारच्याला म्हणाला, "सकाळीच लावलेली दिसतीय." आपली दोन पोरंही हसली. आण्णांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. एका म्हाताऱ्या बाईनं ओळखलं, तिच्या घरी पण तेच होतं. तिनं पिशवीतला गूळ त्यांच्या तोंडात कोंबला, वर पाणी पाजलं. पाच-दहा मिनिटांत माणूस भानावर आला. तो गूळ नसता तर आपल्याच मोर्चात, आपल्याच माणसांत, आण्णा दारुडा म्हणून रस्त्याच्या कडेला पडून राहिले असते.

तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र आण्णा शिस्तीत वागतात. चहा बंद, भात बंद. मग उपाशीपोटीचा आकडा बरा येतो आणि तो कागद ते वस्तीभर दाखवत हिंडतात. मंत्री येणार म्हटलं की नाल्यावर चुना टाकतात ना, तसं. मी त्यांना म्हटलं, आण्णा, तुमी आयुष्यभर ह्या चुना टाकणाऱ्यांशी भांडलात. आता सोताच्याच रक्तावर चुना टाकता का? तेव्हा पहिल्यांदा गप्प झाले. मग मी त्यांची तीन महिन्यांची तपासणी करून घेतली. एचबीएवनसी म्हणतात तिला. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते ती सांगते. दोन दिवसांच्या चुन्यानं ती फसत नाही. सातच्या आसपास ठेवा म्हणतात, आण्णांची दहाच्या वर आली.

मग तो 6 डिसेंबर आला. आण्णा दरवर्षी चैत्यभूमीला जातात. दादरला रांगेत तासन् तास उभे राहिले, चालले, पुस्तकांच्या स्टॉलवर हिंडले, रात्रीच्या गाडीनं परतले. दारात चप्पल काढली आणि आत आले. मायनं फरशीवर बघितलं. डाव्या पायाचा प्रत्येक ठसा लाल. चपलेच्या तळातला खिळा वर आला होता. दीड दिवस तो बोटाखाली घुसत होता आणि माणसाला पत्ता नाही. "मह्या पायाला काय झालं?" असं त्यांनीच आम्हाला विचारलं. माय फरशी पुसत होती, पुसता पुसता रडत होती. 1979 च्या वाटेवरचा एकेक खडा ज्याला आज आठवतो, त्या माणसाला पायात घुसलेला खिळा कळला नाही.

जखम भरेना. काळी पडली. शेवटी अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. बोटावरच निभावलं ते मायनं लवकर बघितलं म्हणून.

ज्या दवाखान्यात बोट काढलं तिथला प्रसंग सांगते. डॉक्टर तरुण होता. केसपेपरवरचं आडनाव वाचलं, वर बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, "दारू किती पिता?" पिता का, असं नाही. किती. आण्णा काही बोलले नाहीत. मीच बोलले, मोठ्यानं बोलले. पण त्या रात्री खाटेवर पडून आण्णा म्हणाले, "बाई, म्हणून म्या येत नसतो इथं. आजाराची तपासणी पुढं होती. आधी जातीची होती." तेव्हा मला कळलं की हा नुसता हट्टीपणा नाही. गोळी न खाण्यामागं त्यांचा एक हिशेब आहे. आयुष्यभर ज्यांनी हुकूम सोडले त्यांचाच आणखी एक हुकूम म्हणून ते गोळीकडं बघतात.

त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट आहे. भूक. ज्यानं 1972 ला सुकडीसाठी रांग लावली, त्याला तुम्ही सांगता, भात कमी खा, गोड खाऊ नका. त्याच्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं. हे खाऊ नको, इथं बसू नको, तिथं पाणी पिऊ नको. हे "नको" त्यानं जन्मापासून ऐकलंय. बाबासाहेबांच्या मागं गेला तो हे "नको" मोडायला. आता चार घास मिळायला लागले तर डॉक्टर म्हणतो, नको. एकदा लग्नात मी त्यांच्या ताटातला लाडू उचलला. आण्णा शांतपणे म्हणाले, "तुह्या आजीनं असाच मह्या हातातला तुकडा काढून धाकट्याला देला व्हता. तेव्हा इलाज नव्हता." लाडू माझ्या हातात होता. भोवती माणसं जेवत होती.

पुन्हा दवाखान्यातून आहाराचा कागद मिळतो तो कुणासाठी छापलेला असतो? ओट्स, बदाम, ऑलिव्हचं तेल. आपल्या कोणत्या वस्तीत ऑलिव्ह मिळतं? आपलं ताट कसं बदललं ते बघा. पूर्वी मराठवाड्यात गरिबाच्या ताटात ज्वारीची भाकरी होती, अंबाडीची भाजी होती, हरभऱ्याचा घोळाणा होता, सणावाराला मटण होतं. आता रेशनला गहू-तांदूळ, म्हणून दोन वेळा चपाती आणि भात. ज्वारी दुकानात महाग. स्वस्तातलं बैलाचं मटण होतं, ते मार्च 2015 पासून कायद्यानं गुन्हा. डाळ परवडत नाही. मग उरतो तो पिठूळ ढीग आणि त्यावर गोड चहा. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले, देशात 10 कोटींवर माणसांना मधुमेह. हा शेठजींचा रोग आहे असं आपण समजत होतो. तो कधीच झोपडपट्टीत उतरलाय. शेठजी त्यावर औषध घेतो, आपण शोकसभा घेतो.

म्हणजे आण्णांच्या बाजूनं बोलायला इतकं आहे. व्यवस्था आहे, जात आहे, भूक आहे, रेशन आहे. मी हे सगळं मांडते, कारण ते खरं आहे. पण हे सगळं खरं असूनही गोळी खिशातच राहते, आणि पाय आण्णांचाच जातो, व्यवस्थेचा जात नाही.

माझं त्यांच्याशी खरं भांडण झालं ते बाबासाहेबांवरून. आण्णांचा हुकमी एक्का तोच. "बाबासाहेबांना पण शुगर व्हती. त्यांनी कधी आराम केला का?" हे वाक्य मी आण्णांकडूनच नाही, डझनभर कार्यकर्त्यांकडून ऐकलंय. जणू मधुमेहसुद्धा वारसा म्हणून मिळालाय.

मित्रहो, हे वाक्य तपासून बघितलं पाहिजे. बाबासाहेबांना मधुमेह होता, खरंय. पायाच्या नसांच्या वेदना होत्या, झोप लागत नव्हती. 1954 साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळले होते. पण त्यांनी उपचार नाकारले नाहीत. ते इन्शुलिन घेत होते. मुंबईला डॉक्टर मालवणकरांकडं उपचार चालू होते, मुंबईतच डॉक्टर शारदा कबीर यांची ओळख झाली, आणि 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत त्यांनी लग्न केलं. आजारात बघणारं माणूस आपल्याला लागणार, हे त्या महामानवानं ओळखलं होतं आणि मान्य केलं होतं. मान्य करणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

1951 ची गोष्ट घ्या. 10 ऑगस्टला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. तब्येतीची मला आणि माझ्या डॉक्टरांना चिंता आहे, सलग महिनाभराच्या उपचाराचा डॉक्टरांचा आग्रह आहे, तो आता पुढं ढकलता येत नाही, तेव्हा त्याआधी हिंदू कोड बिल घ्या, असा त्या पत्राचा मतलब. 27 सप्टेंबरला राजीनामा दिला. ते पत्र नीट बघा. त्यात ते आजार लपवत नाहीत. मला काय झालंय, असं म्हणत नाहीत. देशाच्या पंतप्रधानाला आपल्या शरीराचा हिशेब लेखी देतात आणि त्या हिशेबावर कामाचं वेळापत्रक बसवतात. ह्याला शिस्त म्हणतात. आणि आमचे आण्णा बारा चहा पिऊन म्हणतात, बाबासाहेबांना पण होती!

त्यांनी विश्रांती घेतली नाही, हेही खरं. पण त्याची किंमत कुणी मोजली? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा. 6 डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. मधे फक्त 53 दिवस. बुद्धाचा माणूस म्हणून आपल्याला बाबासाहेब मिळाले ते इतकेच. वय 65. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या पश्चात, 3 ऑक्टोबर 1957 ला उभा राहिला आणि पुढं त्याचे किती तुकडे झाले ते आपण बघतोच आहोत. आणखी दहा वर्षं ते असते तर? हा प्रश्न ज्याच्या काळजाला घर पाडत नाही, त्यानंच त्यांच्या आजाराचा दाखला देऊन चहात साखर घालून घ्यावी.

आणि आपण त्या वेळी काय केलं? रोगाकडं बघितलं नाही. माईसाहेबांकडं बोट दाखवलं. जी बाई त्यांची औषधं बघत होती, पथ्य बघत होती, तिच्यावरच संशय घेतला. ब्राह्मणाची आहे, घात केला म्हणाले. सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक ठरला. तरी वर्षानुवर्षं त्या एकट्या पडल्या. पुढं पँथरच्या काळातल्या पोरांनी त्यांना माई म्हणून परत आणलं. 29 मे 2003 ला त्या गेल्या. मला विचाराल तर ह्या प्रकरणाचा आपण अजून नीट विचार केलेला नाही. आपला मोठा माणूस आजारानं जाऊ शकतो, हे आपल्याला सोसत नाही. मग कुणीतरी मारणारा लागतो. आणि हाताशी बाई असते.

आमच्या घरात तेच झालं. आण्णांचं बोट काढलं तेव्हा भेटायला आलेले कार्यकर्ते मायला म्हणाले, "माय, जरा लक्ष देत जा आण्णांकडं." लक्ष! जी बाई सोळा वर्षं धुण्यातून गोळ्या गोळा करते, रोज रात्री कंदिलासारखी बॅटरी धरून त्यांचे तळपाय बघते, भाकरी वेगळी थापते आणि ती भाकरी परत आली की शिळी करून सोता खाते, तिला हे लक्ष द्यायला सांगतात. त्याच शिबिरात मी आधी मायला तपासायला बसवलं. ती उठून पळत होती. "मला काय धाड भरलीय?" तिची साखर कडेवर निघाली. आजवर तिची कुणी तपासलीच नव्हती. कार्यकर्त्याची बायको आजारी पडायला मोकळी नसते.

आता एक गोष्ट धम्माची. सिद्धार्थानं उपाशी राहून, शरीर सुकवून बघितलं होतं. हाडं मोजता यावीत इतकं सुकवलं. त्यातून काही हाती लागत नाही हे कळलं तेव्हा त्यानं सुजाताच्या हातची खीर खाल्ली आणि मधला मार्ग धरला. म्हणून आपण बुद्ध पौर्णिमेला खीर वाटतो. म्हणजे ती खीर कशाची खूण आहे? शरीराला छळून सत्य मिळत नाही, ह्याची. आणि आमचे कार्यकर्ते शरीराला छळून, वर तीन वाट्या खीर खाऊन बुद्ध पौर्णिमा साजरी करतात. भिक्खूंमधे एक जण पोटाच्या रोगानं घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हतं, तेव्हा बुद्धानं आनंदाला घेऊन सोता त्याला धुतलं, पुसलं, खाटेवर ठेवलं. विनयात ही कथा आहे. आजाऱ्याची सेवा ही आपल्याकडं बायकांची कामं म्हणून सोडून दिलीय. बुद्धानं ती संघाची कामं म्हणून सांगितली होती.

आणि विज्ञानाला घाबरायचं कारण नाही. बाबासाहेब लंडनला शिकत होते, 1920 ते 1923, त्याच दिवसांत, 1921 ला, टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधलं. जानेवारी 1922 ला चौदा वर्षांच्या एका पोराला पहिल्यांदा टोचलं. तोवर अशी पोरं हमखास मरायची. त्याचं पेटंट त्यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. पुढं कंपन्यांनी त्यावर पैसा केला, ती वेगळी लढाई आहे. पण ते औषध मुळात माणसासाठी दिलेलं आहे. आण्णांना आता इन्शुलिन सांगितलंय. "सुई लागली म्हंजे संपलं" असं ते म्हणतात. सुई लागली की संपत नाही. न लागल्यानं संपलेली माणसं मी शोकसभेत मोजलीत.

तरुण कार्यकर्त्यांनो, तुमच्याकडं माझं मागणं आहे. मोठं नाही. सभेला केटली दोन ठेवा, एक बिनसाखरेची, आणि ती म्हाताऱ्यांची म्हणून कोपऱ्यात ठेवू नका, तुम्हीही प्या. मग आण्णांना चहा नाकारावा लागणार नाही. मोर्चा असेल तर दुपारी एकला जेवण, भाषण नंतर. प्रत्येकाच्या पिशवीत गुळाचा खडा ठेवा, आणि कुणाला घाम सुटून बोबडी वळली तर दारुडा म्हणायच्या आधी तो तोंडात घाला. माणूस पार बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, उचला आणि दवाखाना गाठा. जयंतीच्या डीजेचे पैसे थोडे कापा आणि तपासणी ठेवा. तिशीच्या पुढच्यांची शुगर आणि बीपी सरकारी उपकेंद्रातही तपासतात, तिथं रांगेनं घेऊन जा, बाया आधी. आडनाव वाचून प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटला तर पाच जण मिळून जाब विचारा, पण तपासणी सोडून येऊ नका. घरी फ्रीज नसेल तर इन्शुलिनची बाटली पिशवीत घालून माठाच्या गारव्याला ठेवा, उन्हात नको. आणि म्हाताऱ्यांच्या पाया पडायची आपल्याला सवय आहे, तर पडताना जरा तळवे पण बघा. नवी जखम दिसली तर बोला.

आण्णांनी काही ऐकलंय, काही नाही. सुई अजून टेबलावरच आहे. भाकरी ज्वारीची झालीय. चहा बाराचे पाच झाले. डोळे तपासले, तर पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले, लेझर करावं लागणार आहे. त्याला ते हो म्हणाले, कारण त्यांना वाचता येईना. त्यावरून मी त्यांना एक काम लावलंय. नामांतराच्या दिवसांचं जे आठवतं ते लिहून काढा म्हटलं. कोणत्या गावात कुणाचं घर जळलं, वाटेत कोणत्या वस्तीनं भाकरी दिली, त्या बायांची नावं काय. ते कुठल्या पुस्तकात नाही, ह्या एका माणसाच्या डोक्यात आहे. सातवी पास माणूस, अक्षर मोठं, पानावर दहा ओळी. रोज सकाळी न्याहारी झाली की दोन पानं लिहितात. न्याहारी आणि गोळी झाल्याशिवाय माय वही देत नाही.

तीन वह्या भरल्यात. 1972 चा दुष्काळ झाला, शाळा झाली, घर जळालं. लाँग मार्च अजून यायचाय.